रंगवार लावलेल्या विटा

अंबादास गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या अर्ध्या गालावर साबण होता. न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. फोन खिशात, खिसा त्या पांढऱ्या कापडाखाली आणि कापडाची गाठ मानेमागं... तीनदा वाजून बंद पडला. चौथ्यांदा न्हावीच म्हणाला, "काका, घ्या की, अर्जंट दिसतंय कुणाचं तरी." पलीकडून लक्ष्मीवहिनी, अंबादासची बायको, एवढंच म्हणाल्या, "भावजी, या."  उठलो तो तसाच, कापड गळ्यात, साबण गालावर, भर दुपारी रिक्षानं शहराच्या पूर्व भागातल्या त्यांच्या घरी. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं. दारात चपलांचा ढीग पडला होता. वहिनींनी मला बघितलं, पदराचं टोक हातात घेतलं आणि माझा गाल पुसून काढला. नवरा आत चटईवर निजलेला, आणि ही बाई माझा साबण पुसत होती. त्या दिवशी स्मशानात अर्धी दाढी केलेला एकच माणूस होता. अंबादास असता तर ह्या गोष्टीवर आठवडाभर हसला असता. मी सांगायला सुरुवात करायच्या आधीच त्याचं पोट हलायला लागायचं.

आमची ओळख चाळीसेक वर्षांची. मी टपालखात्यात पत्रं छाटायला होतो. गावोगावची पत्रं आपापल्या खणात टाकायची, एवढंच काम. तो चादरींच्या कारखान्यात जॉबर. जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा माणूस. घरात तो तेलुगू बोलायचा, माझ्याशी मराठी आणि मागांशी काय बोलायचा ते मागांनाच ठाऊक. पंचवीस माग एकदम धडधडत असताना दाराशी उभा राहून तो सांगायचा, "कोपऱ्यातला तिसरा बघ, रडायलाय." आणि खरंच तो माग तासाभरात बंद पडायचा. मी आयुष्यात फजितीशिवाय फारसं काही कमावलेलं नाही, आणि ती ऐकून घ्यायला मला हा माणूस मिळाला होता. टपालखात्यातला माणूस असून मी स्वतःच्या मुलीच्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर पिनकोड चुकीचे घातले होते. निम्मे पाहुणे लग्न उरकल्यावर फोन करून "आम्हाला बोलावलं नाही" म्हणत होते. ही गोष्ट अंबादासनं माझ्याकडून किमान वीस वेळा ऐकली असेल. दर वेळी शेवटी तो म्हणायचा, "आणि तू सरकारी पगार घेत होतास बे!" वीस वेळा तेच वाक्य, आणि वीस वेळा डोळ्यांतून पाणी.

कारखाना बंद पडला तेव्हा तो अठ्ठावन्नचा होता. मागांचं भंगार झालं, ट्रकमध्ये चढलं, आणि हा घरी आला. पुढचे सहा महिने तो उंबऱ्यावर बसून असायचा. बोटं मात्र मांडीवर आपली आपण हलत असायची, कुठला तरी नट आवळल्यासारखी. मग त्याची मुलगी पद्मा, जी बेंगळुरूला असते, ती सुट्टीला आली आणि नातवासाठी घेतलेला प्लॅस्टिकच्या विटांचा एक खोका इथंच विसरून गेली. एकमेकीत बसणाऱ्या, टरफलासारख्या हलक्या रंगीत विटा. त्यातून आगीचा बंब तयार होणार होता. मी गेलो तेव्हा हा साठीला आलेला जॉबर जमिनीवर पालथा पडून शिडी जोडत होता.

"नातवाचं आहे ना बे ते?" मी म्हटलं.

"नातवाला मोबाइल पुरतो. मला हे दोन हात हायत, ह्यांना काय देऊ?"

संध्याकाळी बंब तयार झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं तो मोडला आणि त्याच विटांतून ट्रॅक्टर केला; त्याचं चित्र खोक्यावर नव्हतं, पुस्तिकेतही नव्हतं. तिथून पुढं वेड लागलं म्हणतात ते लागलं. जगात मोठी माणसं हे करतात, त्यांची मंडळं असतात, हे त्यानं मोबाइलवर शोधून काढलं आणि मला असं दाखवलं जणू मी विरोधी वकील आहे. गल्लीत लोक हसायचे. वहिनींना कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "काय नाही, विटा लावायलेत. घर काय बांधलं नाही, आता बांधायलेत." मंगळवारच्या बाजारात मोठ्या झालेल्या पोरांची खेळणी पोत्यानं येतात. तिथून तो कळकट विटा आणायचा, बादलीत साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा आणि गच्चीवर जुनी चादर अंथरून त्यावर वाळत घालायचा. एकदा मी मोठ्या मनानं म्हटलं, एक पोतं मी धुवून आणतो. घरी नेलं, आणि आमच्याकडे चादरी उकळत्या पाण्यात टाकतात तशा त्या विटा टाकल्या, वरून काठीनं ढवळल्या. दोन दिवसांनी त्याच्यासमोर पिशवी उपडी केली. एकही वीट सरळ नव्हती. त्यानं एक उचलली, उजेडाकडे धरून बघितली आणि अगदी शांतपणे विचारलं, "दत्त्या, ह्याची भजी तळायची का बे?"

तेव्हा आम्ही हसलो होतो. आता कळतं, ती ताकीद होती. मी ऐकली नाही.

तो जोडत असताना मी बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर बसून पेपर वाचायचो. एखादी वीट नीट बसली नाही तर त्याला बघावं लागत नसे. वीट बसताना 'टक्' होतं. ते झालं नाही की तो थांबायचा, हात मागं घ्यायचा, आणि पुन्हा. जोर म्हणून कधी लावला नाही. किल्ल्याचा दरवाजा केला, पाण्याची टाकी केली, एक ऊस भरलेली बैलगाडी केली. आणि मग एका दुपारी त्यानं मला खाटेवरून उठवलं, खाट सरकवली आणि फरशीवर टाच आपटली. पोकळ आवाज आला. तिथं खड्डा होता. त्याच खोलीत त्याच्या बापाचा हातमाग होता; जमिनीत खड्डा करून, विणणारा त्यात पाय सोडून बसायचा आणि पायानं पावड्या दाबायचा. अंबादास नऊ-दहा वर्षांचा असताना तो माग मोडून विकला. खड्डा अर्धामुर्धा बुजवला, वर फरशी आली. फोटो नाही. कोण काढणार होतं फोटो! आई-वडील गेले, थोरला भाऊ गेला.

"तो माग बघितलेला आता मी एकटाच उरलोय," तो म्हणाला. "कारखान्यातले माग कुटंपण बघायला मिळतील. हा कुटंच नाही. बापानं त्याला आपल्या हातानं काय काय जोडलेलं होतं. मी गेलो की तो पण गेला."

म्हणून तो विटांचा माग. वीतभर रुंद, दोन वीत लांब, पावडी दाबली की आतली चौकट वर-खाली होणारा. दोन वर्षं लागली. मिळेल त्या रंगाची वीट घेऊन त्यानं आधी कच्चा माग उभा केला. निळे खांब, पिवळ्या पावड्या, मध्येच गुलाबी, असं तोच मला सांगायचा. एक दिवस मला बोलावलं आणि पावडी दाबली. चौकट उचलली, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं सरकला, 'ठक्'. आणि पुन्हा, 'ठक्'. अंबादास मान खाली घालून ऐकत होता. मग म्हणाला, "असाच आवाज होता." तो माग चालताना अंबादास सोडून बघितलेला माणूस मी एकटा, आणि माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मला दुधात बुडवलेलं काहीतरी हलताना दिसलं. साक्षीदार मिळाला तोही असा!

कच्चा माग तो मोडणार होता. तपकिरी आणि काळ्या विटा मागवल्या होत्या, लाकडासारख्या दिसणाऱ्या; दिवाळीला पद्मा आणि नातू आले की त्यांच्यासमोर पहिल्या विटेपासून पक्का माग बांधायचा, खड्ड्यासकट, असं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, मोडण्याआधी फोटो काढून ठेव, निदान कागदावर लिहून ठेव. "फोटोत आतलं दिसतं काय? आणि लिहायला बसलो की हाताला आठवत नाही." त्याची पद्धत वेगळी होती, पण ती मला त्या दिवशी त्यानं सांगितली नाही, आणि पुढचे तीन आठवडे मी डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे काळा चष्मा लावून घरात. ते तीन आठवडे तो माग उकलत होता. वरून एक तुकडा काढायचा, त्याच्या जागी पक्क्या मागात कुठला येणार तो शोधायचा आणि ताटात ठेवायचा, ओळीनं, एकापुढं एक. जसा निघाला तसाच उलट क्रमानं परत बसणार. वहिनींच्या लग्नात आलेली स्टीलची ताटं होती, दोन डझन. ताटात तुकडे घसरू नयेत म्हणून खाली चादरीचा तुकडा. ताटंच त्याची पुस्तिका होती.

आणि मग छातीत कळ आली. शेजारच्यांनी उचलून दवाखान्यात नेलं. अकरा दिवस काचेमागं होता, बघायला एकेकालाच सोडत होते. दुसऱ्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पाहुणे येतील. तेवढी ती ताटं रिकामी करून द्या की, मला पण लागतील." त्यांना वाटत होतं, धुतलेल्या विटा वाळत ठेवल्यात. मला काहीच वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की, हीच संधी.

आता हे नीट सांगायला हवं, कारण इथं मी मूर्ख होतो एवढं म्हणून सुटका नाही. ज्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय त्यांना कळेल. पट्टी निघाली आणि मला निळा रंग दिसला. किती वर्षांनी! दोन दिवस मी घरातल्या बादल्या बघत हिंडत होतो. त्या नव्या डोळ्यांनी त्या खोलीत गेलो आणि समोर ताटंच ताटं, तपकिरी, काळी, मध्येच लाल, पांढरी, सगळं मिसळलेलं. आणि मी बत्तीस वर्षं छाटणी केलेला माणूस. दोन दुपारी लागल्या. प्लॅस्टिकचे बारा डबे आणले, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली: तपकिरी, काळा, राखाडी, लाल... राखाडीतसुद्धा फिकट वेगळा आणि गडद वेगळा. ताटांत ओळी होत्या. मला दिसल्या होत्या त्या. मला वाटलं, बरं झालं, ओळीत आहेत, पटापट उचलता येतील. ताटं घासून, पुसून वहिनींना दिली. दवाखान्यात काचेपलीकडून अंबादासला हातानं खूण केली की, घरी ये, गंमत आहे. तो हसला. त्याला खूण कळली नसणार.

तो घरी आला तेव्हा मी मुद्दाम आधी जाऊन बसलो होतो. पद्माचा नवरा त्याला धरून आणत होता. दारातच तो थांबला. बारा डबे भिंतीला लागून, चिठ्ठ्या पुढं करून. त्यानं वहिनींना तेलुगूत काहीतरी विचारलं. चार शब्द. वहिनींनी उत्तर दिलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. चाळीस वर्षांत मी तेलुगू शिकलो नाही. मी आपला तिथं दात काढून उभा. मग तो माझ्याकडे वळला. "छान लावलंस," म्हणाला. "एकदम टपालासारखं."

मला चार दिवस लागले कळायला. चौथ्या दिवशी मी विचारलं, मग सुरू कधी करतोयस? तेव्हा त्यानं ताटांचं सांगितलं. आवाज चढवला नाही, मला वाटतं चढवायची ताकदही नव्हती. मी जे काही बोललो ते इथं लिहीत नाही. बोलता बोलता, सवयीनं, माझ्या तोंडून विनोद निघाला, पिनकोडचा. तो हसला नाही. आमच्या चाळीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "हे कुणाला सांगू नको, दत्त्या. लोक तुला हसतील."

त्यानं प्रयत्न केला. डबे उघडून बसायचा. खड्डा बांधायचा, कडेचे खांब चार-पाच विटा वर न्यायचा, आणि पावड्या जिथं चौकटीला जोडायच्या तिथं येऊन थांबायचा. "इथं काहीतरी होतं..." हात हवेत तसाच. बोटं काहीतरी धरल्यासारखी मिटायची, उघडायची. मग सगळं उकलून पुन्हा पहिल्यापासून. पावडी दाबली की विटा सुटून यायच्या. मी रोज जात होतो. तो मागेल तो डबा पुढं करत होतो, तपकिरी म्हटला की तपकिरी. माझ्या चिठ्ठ्यांचा तेवढाच उपयोग झाला. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर त्यानं मोजायचं सोडलं असावं. मी सोडलं नव्हतं. चौदा वेळा. दिवाळीला पद्मा आली, नातू आला. "आजोबा, माग?" पोरानं विचारलं. "राहिलं जरा," अंबादास म्हणाला आणि त्याला लाल डब्यातून एक मोटार करून दिली. दिवाळीनंतर तो डबे उघडेनासा झाला. खाटेवर पडून कपाटाकडे तोंड करून असायचा. मी पेपर मोठ्यानं वाचायचो. फजितीचे किस्से सांगायचो नाही. मग तो न्हाव्याच्या दुकानातला फोन.

तो जाऊन महिना झाला त्या दिवशी घरचीच माणसं जेवायला होती, आणि मी. पानं वाढायची वेळ आली तेव्हा एक ताट कमी पडलं. वहिनी बाहेरच्या खोलीत गेल्या, आणि रिकाम्या हातानं आल्या. मी म्हटलं, असू द्या वहिनी, मला डब्याच्या झाकणात वाढा. जेवलो झाकणात. सगळे गेल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि खाटेसमोरच्या लोखंडी कपाटावरून, दोन्ही हातांनी, वर्तमानपत्रानं झाकलेलं ताट खाली घेतलं.

"ह्यांना दवाखान्यात न्यायला माणसं आली ना त्या दिवशी, तेव्हा हे ह्यांच्या पुढ्यात होतं. पायाखाली येईल म्हणून मी वर ठेवलं. आणि विसरले बघा, भावजी. परवा कपाट पुसताना सापडलं."

शेवटचं ताट. माग वरून उकलत खाली आला, म्हणजे शेवटी निघतो तो तळ. खड्डा, पावड्या, आणि पावड्या चौकटीला जोडणारे सात बारके तुकडे, एका ओळीत, चादरीच्या निळ्या तुकड्यावर. मला नव्या डोळ्यांनी स्पष्ट दिसत होते. चौदा वेळा तो ज्या जागी अडला ती जागा ह्या ताटात होती. आणि ताट त्याच्या डोळ्यांसमोरच्या कपाटावर, दोन हात वर... शेवटचे दिवस तो त्या कपाटाकडे बघत पडून होता.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "ह्यांना हेच पाहिजे होतं का हो?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. हे दुसरंच काहीतरी दिसतंय."

"खरंच ना?"

"त्यातलं मला कळतं की आता. मी सगळं छाटलंय."

त्यांनी मान हलवली. मग मी विचारलं, त्या दिवशी दारात तेलुगूत तो काय म्हणाला होता? "काय नाही हो," वहिनी म्हणाल्या, "ताटं कुठं गेली, एवढंच."

अंबादासनं सांगितलं होतं, कुणाला सांगू नको. मी सांगितलं. लोक हसणार असतील तर हसू देत. तो हसत नाही म्हटल्यावर बाकीच्यांचं मला काय. फक्त एक विनंती आहे. लक्ष्मीवहिनींना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. हा पेपर पूर्व भागात घरोघरी जातो. कुणी त्यांना हे वाचून दाखवू नका. ते ताट आम्ही दोघांनी धरून पुन्हा कपाटावर ठेवलंय, पेपरनं झाकून. हलू नये म्हणून वहिनी आता कपाटाचं दार जपून लावतात.